इंग्रजीच्या शिक्षिकेच्या मुलाखतीला निघालीस?

बी.एड., टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची कागदपत्रं, झेरॉक्स आदल्या रात्रीच लाव. खरी कसोटी डेमोची, म्हणजे धडा शिकवून दाखवायची. दहा मिनिटांत अख्खा धडा उरकायला जाऊ नकोस, एकच मुद्दा धर. समज, साधा भूतकाळ: फळ्यावर ‘येस्टरडे आय वेंट टू रंकाळा’ लिही आणि पोरांना विचार, काल तुम्ही कुठं गेला होता? कुणी ‘आय गोएड’ म्हणालं तर लगेच खोडू नकोस. ‘ओह, यू वेंट?’ म्हणत बरोबर रूप कानावर घाल. जाणते परीक्षक हेच बघतात. उगं भारी उच्चार मारायला जाऊ नकोस. पन्हाळा, शाहूवाडीकडची खेड्यातली शाळा असेल तर ‘मराठी किती वापरणार?’ हे विचारतीलच; सूचना इंग्रजीत, अडलं तिथं एक वाक्य मराठीत, असं ठाम सांग. आणि पद अनुदानित की विनाअनुदानित, पगार किती, हे न लाजता विचार.