बीसी५४७ ट्रान्झिस्टर तापतो आणि स्टेपर मोटर (टप्प्याटप्प्याने फिरणारी) नुसती थरथरते, काय चुकतंय?

तुमची मोटर १२ व्होल्टची, कॉइल ३० ओहम, म्हणजे प्रत्येक कॉइलला ४०० मिलीअँप लागतात. बीसी५४७ ची मर्यादाच १०० मिलीअँपची. त्यात बेसला (ट्रान्झिस्टर उघडणाऱ्या पायाला) १० के, म्हणजे १० किलोओहमचा रेझिस्टर लावलाय: बोर्डाच्या ५ व्होल्टच्या आउटपुट पिनमधून जेमतेम ०.४३ मिलीअँप जातात, ट्रान्झिस्टर अर्धवट उघडतो. गेन (बेसचा करंट किती पट होतो तो आकडा) २०० धरला तर कॉइलला ८६ मिलीअँप मिळतात आणि उरलेले ९ व्होल्ट ट्रान्झिस्टरवर पडतात. पाऊण वॅटहून जास्त उष्णता! नागपूरच्या मे महिन्यात, खोलीच ४० अंशांवर असताना, तो टिकणारच नाही.

चार टीआयपी१२२ (जास्त करंट झेलणारे ट्रान्झिस्टर) घ्या, बेसला १ के. एमिटर ग्राउंडला, कॉइलचं टोक कलेक्टरला, कॉइल्सची सामाईक (कॉमन) वायर +१२ ला. प्रत्येक कॉइलला १एन४००७ डायोड उलटा जोडा, पट्टीची बाजू +१२ कडे. डायोड गाळू नका. कॉइल बंद होताना उसळणारा व्होल्टेज ट्रान्झिस्टर मारतो. बोर्डाचा आणि सप्लायचा ग्राउंड एकत्र हवाच.

तरीही थरथरली तर वायरींचा क्रम चुकलाय. मल्टिमीटरने पाहा: कॉमन ते टोक ३०, एकाच जोडीच्या दोन टोकांत ६० ओहम. एका जोडीची टोकं अ१-अ२, दुसरीची ब१-ब२ धरून क्रम अ१, ब१, अ२, ब२ असा ठेवा. सुरुवातीला दोन स्टेपमध्ये १० मिलीसेकंद द्या.