वर्दी आली की भरणारं अग्निशमन केंद्र

ब्रिटनमधल्या छोट्या गावांतल्या ‘ऑन-कॉल’ (बोलावल्यावरच माणसं येतात अशा) अग्निशमन केंद्रांविषयी वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं.

प्रश्न : मुलाकडे इंग्लंडला गेलो होतो. त्याच्या गावातलं फायर स्टेशन कायम कुलूपबंद. मग आग लागली की बंब काढतं कोण?

गावातलीच माणसं. कुणी सुतार, कुणी दुकानदार, कुणी शाळेत नोकरीला. यांना पूर्वीपासून ‘रिटेन्ड’ म्हणतात. तयार राहण्याबद्दल वर्षाचं ठरावीक मानधन मिळतं. वर्दीचे (म्हणजे आगीच्या बोलावण्यावर धावून जाण्याचे) आणि आठवड्याच्या ड्रिलचे पैसे वेगळे. अट एकच, पण कडक : घर किंवा कामाची जागा केंद्रापासून साधारण पाच मिनिटांत गाठता यावी. काही ठिकाणी थोडी जास्त मुभा असते.

पेजर वाजला की हातातलं काम टाकून निघायचं. मात्र स्वतःच्या गाडीला निळा दिवा नसतो, लाल सिग्नलला थांबावंच लागतं. केंद्रात आधी पोचलेला माणूस प्रिंटरमधून आलेला पत्त्याचा कागद फाडून घेतो. खुंटीखाली बूट उभे असतात, विजार त्यांच्यावरच दुमडून ठेवलेली. पाय घातले, विजार वर ओढली, की झालं. हे सेकंद मोलाचे असतात, म्हणून परत आल्यावर बूट पुन्हा तसेच लावून ठेवल्याशिवाय कुणी घरी जात नाही.

प्रश्न : बंब जागेवर असूनही कधीकधी दूरच्या गावाहून बंब येतो. असं का?

माणसं पुरत नाहीत म्हणून. बंबावर सहसा किमान चौघं लागतात : एक प्रमुख, एक चालक (पंपही तोच चालवतो) आणि श्वसनयंत्र लावून आत जाणारे दोघं. आत एकट्याने जायचं नाही, हा नियम. शिवाय आत गेलेल्यांच्या सिलिंडरमधली हवा आणि वेळ बाहेर फळ्यावर मांडणारं कुणीतरी हवं, म्हणून पाचवा माणूस असला की काम खूप सुरक्षित होतं. साडेतेरा मीटरची शिडी उभी करायलाही चौघं लागतात.

चौघं असूनही त्यांत बंब चालवण्याचं प्रशिक्षण घेतलेलं कुणी नसेल, तरी बंब हलत नाही. रात्री गाव भरलेलं असतं. खरी ओढाताण दिवसा होते, कारण कामं शहरात गेली आणि माणसंही त्यांच्यामागे गेली. आमच्या मते अशा केंद्राला नव्या बंबाहून जास्त गरज असते ती गावातच नोकरी करणाऱ्या आणि मालकाने सोडायची तयारी दाखवलेल्या दोन-तीन माणसांची.

प्रश्न : ही पद्धत कधीपासूनची?

गावोगावची पथकं फार जुनी. त्यांना घरातल्या घंटा वाजवून किंवा भोंग्याने बोलावत. दुसऱ्या महायुद्धापूर्वी अशी सुमारे १६०० स्थानिक पथकं होती. अडचण अशी की एकाच्या होजची (पाण्याच्या नळीची) कपलिंग, म्हणजे जोड, दुसऱ्याला बसतच असं नाही. शेजारचं पथक मदतीला यायचं आणि पाणी जोडता यायचं नाही. ऑगस्ट १९४१मध्ये सगळी मिळून राष्ट्रीय अग्निशमन सेवा झाली. १ एप्रिल १९४८ला ती पुन्हा कौंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आणि मोठ्या शहरांच्या परिषदांकडे गेली.

प्रश्न : बंबात पाणी किती असतं? नदीवरून पाणी खेचताना पंप कोरडाच का फिरतो?

साधारण १८०० लिटर. बारीक होज-रीलवर मिनिटाला १०० लिटर धरले तर १८ मिनिटं. ४५ मिलिमीटरच्या होजवर ४५० लिटर धरले तर चारच मिनिटं. म्हणून पोचताक्षणी दुसरा माणूस हायड्रंट (रस्त्यावरची नळाच्या पाण्याची जोडणी) शोधायला जातो.

खेड्यात नदी किंवा तळं. तिथे व्हॅक्यूम गेज (पंपाची ओढ दाखवणारा काटा) बघा. काटा चढतच नसेल तर कुठूनतरी हवा शिरते आहे : सक्शन पाइपच्या (पाणी खेचणाऱ्या नळीच्या) जोडातला वॉशर पडलेला असतो, त्यात वाळूचा कण अडकलेला असतो किंवा जोड पान्याने पुरता आवळलेला नसतो. पाइपच्या टोकाची जाळी पाण्यात उथळ असली तर भोवरा होऊन तिथूनही हवा जाते. काटा चढतो पण पाणी येत नाही, तेव्हा जाळी चिखलात रुतलेली किंवा पानांनी भरलेली असते, नाहीतर पंप पाण्यापासून फार उंच असतो. हवेचा दाब सिद्धांताने १० मीटरपर्यंत पाणी चढवतो. व्यवहारात सात-साडेसातच्या वर भरवसा नाही. जाळीला दोर बांधून ती तळापासून वर धरा. पाइपला मध्येच उंचवटा येऊ देऊ नका, तिथे हवा अडकून बसते.

प्रश्न : केंद्रामागे उंच मनोरा असतो तो कशाला?

होज वाळवायला. जुने होज तागासारख्या धाग्यांचे असत; ओले गुंडाळले की बुरशी धरून कुजत आणि ऐन वेळी फुटत. म्हणून ते उभे टांगून निथळवायचे. आताच्या कृत्रिम धाग्यांना त्याची तेवढी गरज नाही, पण शिडीच्या सरावाला मनोरा अजून लागतो.