पेनल्टीला लॉटरी म्हणू नका
वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात 2022 च्या अर्जेंटिना-फ्रान्स वर्ल्डकप फायनलबद्दल लिहिताना शेवटी सहज विचारलं होतं की पेनल्टी शूटआउट, म्हणजे बरोबरीत अडकलेल्या मॅचचा निकाल आळीपाळीने पेनल्टी मारून लावणं, तुम्हाला आवडतं की नाही, आणि नसेल आवडत तर त्याऐवजी काय असावं. एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बरीचशी रागावलेली आहेत, काही फार हळवी आहेत. सगळी छापणं शक्य नाही, पण ज्यांतून काही बोलता येईल अशी घेतली आहेत.

दादा, लुसेलची ती मॅच 3-3 झाली, एम्बापेची हॅटट्रिक, मेस्सीचे दोन गोल, एवढं सगळं झाल्यावर निकाल शेवटी पेनल्टीवर. मग त्या 120 मिनिटांना अर्थ काय राहिला? ही सरळसरळ लॉटरीच झाली ना?

नाही रे, आणि या शब्दावर मी भांडणार. लॉटरी काय असते ते फुटबॉलने खरोखर बघितलेलं आहे. 1954 च्या वर्ल्डकपसाठी स्पेन आणि तुर्कस्तान रोममध्ये प्लेऑफ खेळले, 2-2 झाली, आणि मग डोळे बांधलेल्या एका मुलाने चिठ्ठी उचलली, तुर्कस्तान वर्ल्डकपला गेलं आणि स्पेन घरी. 1968 च्या युरोची (युरोपातल्या देशांची स्पर्धा) सेमीफायनल, इटली विरुद्ध सोव्हिएत युनियन, नेपल्सला 0-0 संपली आणि नाणेफेक झाली. कॅप्टन फाकेत्तीचा कौल बरोबर आला म्हणून इटली फायनलला, आणि पुढे युरो जिंकलीसुद्धा. याला म्हणतात लॉटरी. पेनल्टी शूटआउट नियमात आलं 1970 ला, आणि ते आलं कशासाठी तर निदान निकाल खेळाडूच्या पायाने लागावा म्हणून.

आता लुसेलचंच बघ. फ्रान्सच्या कोमानची पेनल्टी अर्जेंटिनाचा कीपर एमिलियानो मार्टिनेझने अडवली, मग चुआमेनी आला तेव्हा मार्टिनेझने बॉल लांब भिरकावून दिला, त्या पोराला चालत जाऊन आणावा लागला आणि मग त्याने बाहेर मारली. ते वागणं मला अजिबात आवडलं नाही, पुढे कीपरच्या अशा चाळ्यांवर नियमही कडक झाला, पण त्याला नशीब कसं म्हणायचं? 2006 ला अर्जेंटिनाविरुद्ध जर्मनीचा लेमन मोज्यात चिठ्ठी खोचून उभा होता, कोण कुठे मारतो ते लिहिलेली. 2014 ला नेदरलँड्सचे कोच व्हॅन गालने 120 मिनिटं संपत आल्यावर नेहमीचा कीपर काढून टिम क्रुलला आणलं, फक्त शूटआउटसाठी, आणि त्याने कोस्टारिकाच्या दोन अडवल्या. 1986 च्या युरोपियन कपच्या (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) फायनलला स्टेआऊआचा कीपर डुकादामने बार्सिलोनाच्या चारच्या चार अडवल्या, चार! त्याला लॉटरी लागली म्हणायचं का?

तयारी करून सगळं जमतं असंही नाही, हे मान्य. 2022 लाच स्पेनचे कोच लुईस एन्रिके सांगत होते की खेळाडूंना क्लबमध्ये हजार पेनल्टी मारून या असं बजावलंय, आणि मोरोक्कोविरुद्ध स्पेनची एकही आत गेली नाही, एक पोस्टला लागली आणि दोन बोनोने अडवल्या. प्रॅक्टिसला पाय थकलेले नसतात आणि समोर अख्खा देश नसतो. पण दडपण झेलणं हाही खेळच आहे की.

गोल्डन गोल परत आणा! गोल झाला की मॅच खलास, त्यासारखा थरार नाही. बंद का केला तेच कळत नाही.

थरार होता, शंभर टक्के. 1996 च्या युरो फायनलला बीअरहॉफ, 1998 ला पॅराग्वेविरुद्ध लॉरेंट ब्लाँ, युरो 2000 च्या फायनलला त्रेझेगे, तो क्षण ज्यांनी लाइव्ह बघितला ते विसरणार नाहीत. पण गोल्डन गोलच्या नियमातला एक्स्ट्रा टाइम आठवून बघा. कुणी पुढे जायलाच तयार नसायचं, कारण एक चूक झाली की संपलं, भरून काढायला वेळच नाही. अटॅक व्हावा म्हणून आणलेल्या नियमाने लोक उलट बचावात गेले. मग सिल्व्हर गोल आणला, म्हणजे एक्स्ट्रा टाइमचा तो हाफ पूर्ण खेळायचा, तर युरो 2004 ला ग्रीसच्या डेलासने चेक रिपब्लिकविरुद्ध पहिल्या हाफच्या अगदी शेवटी गोल केला आणि चेक संघाला उत्तर द्यायला काही राहिलंच नाही. त्यानंतर दोन्ही बंद झाले ते बरंच झालं असं माझं मत आहे.

त्रेझेगेचं नाव निघालंच म्हणून सांगतो, 2000 ला इटलीविरुद्ध गोल्डन गोल मारणारा तोच, आणि 2006 च्या वर्ल्डकप फायनलला इटलीविरुद्धच्याच शूटआउटमध्ये बारवर मारणाराही तोच. फ्रान्सकडून एकट्या त्याचीच हुकली.

कॉर्नर मोजा, नाहीतर यलो कार्ड मोजा, किंवा सरळ मॅच परत खेळवा. एवढं सोपं आहे.

कॉर्नर मोजायला लागलं की संघ कॉर्नरसाठीच खेळणार, बॉल डिफेंडरच्या पायावर मारून बाहेर काढत बसणार. कार्डांचं आपण 2018 च्या वर्ल्डकपला बघितलं, ग्रुपमध्ये जपान आणि सेनेगल सगळ्याच बाबतीत बरोबरीत, आणि यलो कार्ड कमी म्हणून जपान पुढे. पोलंडविरुद्ध 1-0 ने मागे असूनही जपान शेवटची दहा मिनिटं मागच्या मागे पास देत बसलं आणि स्टेडियमने हुर्यो उडवली. रिप्ले, म्हणजे मॅच परत खेळणं, मात्र मनापासून पटतो. 1974 ची युरोपियन कप फायनल बायर्न आणि अॅटलेटिकोने दोनदा खेळली, पहिली 1-1 आणि दोन दिवसांनी 4-0, खरा निकाल लागला. पण आता खेळाडूंना श्वास घ्यायला जागा नाही, इंग्लंडच्या एफए कपनेसुद्धा 2024-25 पासून रिप्ले बंद केले. ते दिवस गेले.

मी दहावीत आहे. मी यूट्यूबवर बघितलं की अमेरिकेत आधी खेळाडू लांबून बॉल घेऊन पळत यायचा आणि कीपरला चकवून गोल करायचा. ते जास्त भारी नाही का? आणि तुम्हाला स्वतःला काय हवंय ते पण सांगा.

बरोबर बघितलंस. 35 यार्डांवरून सुरुवात, पाच सेकंदात गोल करायचा, आणि कीपरला पुढे यायची मोकळीक. अमेरिकेच्या लीगमध्ये, एमएलएसमध्ये, 1996 ते 1999 हेच होतं. त्यात ड्रिबल आहे, चिप आहे, कीपरचा अंदाज आहे, म्हणजे फुटबॉल जास्त आहे हे तुझं म्हणणं खरं. मला भीती फक्त दुखापतीची वाटते, 120 मिनिटं पळून पाय जड झालेला माणूस आणि समोरून अंगावर येणारा कीपर. शिवाय कीपरचा हात पायाला लागला की फाऊल, आणि मग परत पेनल्टीच!

मला काय हवंय ते सांगतो, कल्पना माझी नाही, बरेच लोक मांडत आलेत. शूटआउट ठेवा, पण एक्स्ट्रा टाइमच्या आधी घ्या. म्हणजे 90 मिनिटं बरोबरीत संपली की लगेच पेनल्टी, त्यात कोण जिंकलं ते लिहून ठेवा, आणि मग 30 मिनिटं खेळा. त्या 30 मिनिटांत कुणी जिंकलं तर तो निकाल, तिथेही बरोबरी झाली तरच आधीची पेनल्टी धरायची. याने काय होतं बघ. एका संघाला माहीत असतं की आपल्याला गोल मारायलाच हवा, त्यामुळे आत्ता जे दोघंही पेनल्टीची वाट बघत वेळ काढतात ते होणार नाही. 1991 च्या युरोपियन कप फायनलला रेड स्टार बेलग्रेड मार्सेविरुद्ध जवळजवळ पेनल्टीसाठीच खेळलं, 0-0, आणि जिंकलंही, बघणाऱ्यांचे हाल. माझ्यासाठी त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ज्याची पेनल्टी हुकली त्याच्या हातात अजून अर्धा तास राहतो. तो पळू शकतो, गोल मारू शकतो.

पुढे असलेला संघ अख्खा अर्धा तास गोलसमोर भिंत बांधून बसेल हा आक्षेप खरा आहे आणि त्याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. तरी दोघं बसण्यापेक्षा एक बसलेला परवडला. (2017 ला दुसरा प्रयोग झाला होता, ए-बी-बी-ए क्रमाने पेनल्टी, पहिल्यांदा मारणाऱ्याला फायदा होऊ नये म्हणून. हेतू चांगला, पण आता कुणाची पाळी हेच लोकांना कळेना, 2018 ला गुंडाळला.)

अल्वारेझचा गोल रद्द केला तो नियम आता काय आहे?

थोडक्यात सांगतो. मार्च 2025, चॅम्पियन्स लीग, रेआल विरुद्ध अॅटलेटिकोचं शूटआउट, मारताना अॅटलेटिकोचा हुलियान अल्वारेझ घसरला आणि बॉल दोन्ही पायांना लागून आत गेला, गोल रद्द. त्यानंतर नियम स्पष्ट केलाय की चुकून दोनदा लागला आणि बॉल आत गेला तर पेनल्टी परत मारायची. चांगला बदल, उशिरा का होईना.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. यूट्यूबवर 2021 ची वेम्बलीची इंग्लंड-इटली युरो फायनल बघून तो इंग्लंडच्या साकासाठी रडला. आमचा इंग्लंडशी काही संबंध नाही. तो विचारतो, सगळ्यांनी मिळून हरले तर एकट्याला का बोलले? मला उत्तर देता आलं नाही.

ताई, तुमचं पत्र मी तीन-चार वेळा वाचलं. तुमच्या मुलाने जे विचारलंय ना, शूटआउटबद्दल माझी खरी तक्रार तेवढीच आहे. नशिबाची नाहीच. मॅचमधली चूक पुढच्या मिनिटाला विरघळून जाते, दुसरा कुणीतरी सावरतो. इथे अर्ध्या मैदानातून एकट्याने चालत जायचं असतं आणि परत एकट्यानेच यायचं असतं.

त्या रात्री इटलीच्याही दोघांच्या हुकल्या होत्या, बेलोत्ती आणि जोर्जिन्हो. जोर्जिन्होची तर साकाच्या लगेच आधी, ती गेली असती तर तिथेच कप इटलीचा होता. पण इटली जिंकली, म्हणून त्याला कुणी काही बोललं नाही. साका 19 वर्षांचा होता, शेवटची पेनल्टी त्याच्या वाट्याला आली आणि हुकली, आणि नंतर त्याला, आणि ज्यांच्या आधी हुकल्या त्या रॅशफर्डला, सँचोला रंगावरून जे काही लिहिलं गेलं ते इथे उतरवायची माझी इच्छा नाही. 1994 च्या वर्ल्डकप फायनलमधल्या बॅज्जोचंही तेच. इटलीला फायनलपर्यंत त्याने आणलं, त्याच्या आधी बारेसी आणि मस्सारोच्याही हुकल्या होत्या, त्याने मारली असती तरी ब्राझीलची एक शिल्लक होती. तरी फोटो एकट्याचा, मान खाली घातलेला.

मी कॉलेजला गोलकीपर होतो. एका फायनलला समोरच्या संघाच्या पोराने शेवटची पेनल्टी बाहेर मारली, मी तर चुकीच्या बाजूला झेपावलो होतो, माझं त्यात काही कर्तृत्व नव्हतं. आमची सगळी पोरं धावत अंगावर आली आणि त्यांच्या मधून मला तो दिसला, चुन्याच्या ठिपक्यापाशी उकिडवा बसून बुटाची लेस बांधत होता. लेस सुटलेली नव्हती. बांधलेली सोडायचा, परत बांधायचा, परत सोडायचा, म्हणजे मान वर करायला नको. मी त्याच्याकडे गेलो नाही, आणि आज इतक्या वर्षांनीही ते मला खुपतं.

मुलाला सांगा की ओरडणारे चूक होते. आणि त्याला आणखी एक गोष्ट दाखवा. वेम्बलीला साकाला छातीशी धरून उभा असलेला माणूस इंग्लंडचा तेव्हाचा मॅनेजर साऊथगेट आहे, 1996 च्या युरो सेमीफायनलला जर्मनीविरुद्ध त्याची स्वतःची हुकली होती. मग 2024 ची युरो क्वार्टरफायनल लावा, इंग्लंड विरुद्ध स्वित्झर्लंड. इंग्लंड 1-0 ने मागे, 80 व्या मिनिटाला बरोबरीचा गोल साकाचा. परत शूटआउट. तिसरी पेनल्टी मारायला कोण चालत येतं ते त्याला आधी सांगू नका, बघू दे. इंग्लंडच्या पाचही आत गेल्या, 5-3. मॅच पूर्ण लावा हं, नुसते हायलाइट नको, ते चालत येणं त्यात कापतात.