सुपरफिनिशिंगला ‘झिलई’ म्हणावे का?

अंबड एमआयडीसीतून विचारणा आली आहे: शिकाऊ मुलांसाठी मराठी पत्रक करतोय; गिअर-बेअरिंगच्या सुपरफिनिशिंगला ‘झिलई’ लिहिले तर सुपरवायझर हसले. दुसरा शब्द सुचवाल का?

हसण्यात तथ्य आहे. झिलई म्हणजे डोळ्यांना दिसणारी चकाकी. गिअरच्या दाताला तिचे काम नाही. बफ मारलेला दात चेहरा दिसेल इतका चमकेल, पण कापडी चाकाने कडा गोलावतात आणि ग्राइंडिंगने कमावलेला प्रोफाइल, म्हणजे दाताचा नेमका आकार, बिघडतो.

ग्राइंडिंग झालेल्या दाताचा आरए, म्हणजे पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचे सरासरी माप, साधारण ०.४ मायक्रॉन असतो. नखाला तो गुळगुळीतच लागतो. मात्र दोन दातांमधला तेलाचा थर बऱ्याचदा एका मायक्रॉनहूनही पातळ. त्यातून उंचवटे वर आले की धातू धातूला घासतो, तापतो आणि मायक्रोपिटिंगचे बारीक खड्डे पडू लागतात. सुपरफिनिशिंगमध्ये हे उंचवटे तेवढे काढतात. बेअरिंगच्या रेसवर, म्हणजे गोळ्या ज्यावरून फिरतात त्या कड्यावर, बारीक दगड भरभर मागेपुढे हलवतात. गिअर थरथरत्या टबात, सिरॅमिकच्या खड्यांत आणि रसायनात टाकतात. रसायनाने पोलादावर मऊ थर धरतो, खडे तो उंचवट्यांवरून पुसून काढतात, तिथे पुन्हा थर धरतो, पुन्हा पुसला जातो. खाचांपर्यंत खडे पोचत नाहीत. असे करत आरए ०.१ च्याही खाली येतो.

म्हणून क्रियापद ‘घासणे’च हवे. ‘घोटणे’ देखणे आहे खरे, पण घोटीव कागदाचा कागद निघून जात नाही, दबतो. तो शब्द रोलर बर्निशिंगसाठी, म्हणजे रोलरने दाबून पृष्ठभाग गुळगुळीत करण्यासाठी, राखून ठेवा.

जाता जाता: शॉट पीनिंगलाही शब्द शोधत असाल तर तांबटांचा ‘मठारणे’ घ्या. नाशिकच्या तांबट आळीला तो शिकवावा लागणार नाही. ठोके देत देत भांड्याचा पत्रा कडक करायचा, तसेच इथे बारीक छर्रे मारून पृष्ठभागात दाबाचा ताण बसवायचा, म्हणजे दाताच्या मुळाशी तडा लवकर जात नाही. हा शब्द मला मूळ इंग्रजीपेक्षा नेमका वाटतो.

पत्रकात मी ‘सूक्ष्म घासणी’ लिहीन आणि पहिल्या वेळी शेजारी ‘सुपरफिनिशिंग’. मशीनपाशी कोणी घासणी म्हणणार नाही, म्हणायची गरजही नाही. लॅपिंग, होनिंग ही घासण्याच्या इतर पद्धतींची नावे तर तशीच राहू द्या. फक्त ‘दात गुळगुळीत करा’ असे मोघम लिहू नका. आरएचा आकडा द्या, नाहीतर मुले बफच उचलतील.