नाशिकमधलं आमचं छोटं मशीन शॉप टिकवायचं तर कर्ज काढून फाइव्ह ॲक्सिस मशीन घ्यावं का?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: अंबडला वडिलांचं शॉप, जुने लेथ, तीन सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारी) टर्निंग मशीन आणि एक व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन). बहुतेक काम एकाच कंपनीचं, ती दरवर्षी रेट उतरवून मागते आणि राजकोटवाले त्याहूनही कमीत द्यायला तयार असतात. त्यात ईव्हीची, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांची धास्ती. माझं शॉप सातपूरला आहे, तेव्हा आडवळणाने न बोलता सांगतो: आत्ता घेऊ नका.

आधी हिशेब बघा. पाच अक्षांवर हलून कापणारं फाइव्ह ॲक्सिस राहू द्या, साधं २४ लाखांचं मशीन धरा. १० टक्के व्याजाने पाच वर्षांचं कर्ज काढलं तर हप्ता महिना ५१ हजारांच्या आसपास जातो. मशीन महिन्याला ४०० तास चाललं तर हप्त्याचा बोजा तासाला १२८ रुपये, २०० तास चाललं तर २५५. ऑपरेटर, वीज, इन्सर्ट (टूलची बदलायची पाती), कूलंट वेगळं. म्हणजे नवीन मशीन स्वस्त की महाग हे किमतीवरून नाही, तुमच्याकडे किती तासांचं काम आहे त्यावरून ठरतं. ते काम हातात ऑर्डर म्हणून आहे का? ‘मशीन आलं की काम येईल’ म्हणणारे बहुधा मशीन विकणारेच असतात.

आहेत त्या मशीनचे तास कुठे जातात ते बघायला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. तुमच्या सीएनसीवर फानुक कंपनीचा कंट्रोलर असेल तर त्याच्या स्क्रीनवर पॉवर ऑन टाइम, ऑपरेटिंग टाइम, कटिंग टाइम आणि पार्ट काउंट दिसतं. महिनाभर रोज शिफ्ट संपताना हे आकडे वहीत उतरवा. मशीन चालू असणं आणि मशीन कापत असणं यातली तफावत बघून वडीलही खुर्ची ओढून बसतील.

ती तफावत मुख्यतः सेटिंगमध्ये, म्हणजे पुढच्या जॉबसाठी मशीन तयार करण्यात असते. समजा ६० नगांचा लॉट आहे, सायकल टाइम ३ मिनिटं. कापायला ३ तास आणि सेटिंगला २ तास. सेटिंग ४० मिनिटांवर आणलं तर पूर्वी तीन लॉट निघायचे तेवढ्या वेळात चार निघतात, आणि पैसे जवळपास लागत नाहीत. प्रत्येक पार्टचे सॉफ्ट जॉ (जॉब पकडणारे चकचे मऊ जबडे) वेगळे ठेवून त्यांवर पार्ट नंबर कोरा. पुढच्या जॉबची टूल आधीचा जॉब चालू असतानाच होल्डरमध्ये बांधून ठेवा. प्रोग्रॅम कुणाच्या तरी पेनड्राइव्हवर नको, एका ठिकाणी हवेत. आणि फर्स्ट पीस! आमच्याकडे सर्वात जास्त वेळ इथेच जायचा. सेटर पहिला नग हातात घेऊन उभा, इन्स्पेक्टर जेवायला, हाइट गेज दुसऱ्याकडे. फर्स्ट पीसला लागणारी गेज मशीनजवळच्या ट्रॉलीवर आणली, तेव्हा कुठे फरक पडला.

याचा राजकोटशी संबंध आहे. मोठ्या लॉटच्या रेटमध्ये तुम्ही त्यांना हरवाल असं मला वाटत नाही, तो नादच सोडा. पण सिन्नर, गोंदे, इगतपुरीच्या कंपन्यांना ५०-६० नग परवा हवे असतात, ड्रॉइंग मध्येच बदलतं, तेव्हा टेम्पोने दुपारी माल पोचवणारा लागतो. तिथे रेट थोडा वर मिळतो. मात्र सेटिंगला अर्धी शिफ्ट जात असेल तर हे काम परवडत नाही.

दुसरं, माल मोजून द्या आणि खरं मोजून द्या. टेबलाशी बसून भरलेला इन्स्पेक्शन रिपोर्ट कंपनीत आलेला माल तपासणारा लांबूनच ओळखतो, कारण सगळी रीडिंग टॉलरन्सच्या बरोबर मधोमध असतात. डेटा केबल असलेला डिजिटल मायक्रोमीटर घ्या, रीडिंग थेट एक्सेलमध्ये पडू द्या. नव्या तंत्रज्ञानातली पहिली खरेदी मी हीच सांगेन.

ईव्हीबद्दल. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ (गाड्यांच्या धुराचं कडक मानक) लागू झालं, भारताने बीएस-५ गाळूनच टाकलं, आणि जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजेक्शनच्या पार्टची मागणी आटली. नाशिकला हे नवीन नाही, नोझल-इंजेक्टरवर इथल्या कितीतरी शॉपच्या चुली पेटत होत्या. तुमच्या पार्टची यादी काढा आणि इंजिन, फ्युएल, एक्झॉस्ट यांत जाणाऱ्यांवर लाल खूण करा. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन ईव्हीतही राहणार. शिवाय आपल्याकडे स्विचगिअरचं (विजेचे स्विच, ब्रेकर वगैरे) काम आहे, त्याचा गाडीशी संबंधच नाही. ओझरला एचएएलचा विमान कारखाना आहे, तेजस लढाऊ विमानाचं कामही आता तिथे होतं, पण एरोस्पेसमध्ये एएस ९१०० (विमान उद्योगाचं गुणवत्ता मानक), कच्च्या मालाचा माग, मंजुऱ्या हे सगळं येतं. दोन-तीन वर्षं कळ काढायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा.

पैसे अडकत असतील तर उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) तपासा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, असं २००६ चा कायदा सांगतो. पण ८० टक्के काम देणाऱ्यावर तक्रार कोण करतं? त्यापेक्षा ती कंपनी ट्रेड्सवर (बिलांवर लवकर पैसे मिळवून देणारं ऑनलाइन व्यासपीठ) आहे का विचारा. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. त्यांनी बिल मान्य केलं की बँक थोडी कसर कापून लगेच पैसे देते.

जुन्या टर्नरांना काढू का, असंही तुम्ही विचारलंय. अजिबात नको. कुठे चॅटर (कापताना होणारी थरथर) येणार, पातळ भिंतीचा जॉब किती आवळला की लंबगोल होणार, हे त्यांना आवाजावरून कळतं. प्रोग्रॅमिंगला आयटीआयचा पोरगा ठेवा, फिक्श्चर आणि जॉ यांचं काम टर्नरकडे द्या.

तुमच्या दोन-तीन नेहमीच्या पार्टची ड्रॉइंग, कंपनीचं नाव आणि पार्ट नंबर झाकून, इथे टाकता आली तर सेटिंग कुठे कमी होईल ते नेमकं सांगता येईल.