दम्यावरची वनौषधं खरंच तपासलेली असतात का? वडिलांना पुडीने बरं वाटतंय, पंप बंद केला तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: पंप बंद करू नका. गावाकडच्या वैद्यांच्या पुडीने वडिलांना आठवड्याभरात बरं वाटू लागलं असं तुम्ही लिहिलंय, आणि त्यावर माझा विश्वास आहे. पण दम्यात बरं वाटणं वेगळं आणि श्वासनळ्या मोकळ्या होणं वेगळं. मी औषधांच्या चाचण्यांमधल्या नोंदी तपासायचं काम करते (डॉक्टर नाही), आणि आमचा निम्मा खटाटोप या दोन गोष्टी वेगळ्या काढण्यासाठीच चालतो.

२०११ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक छोटासा पण फार बोलका अभ्यास आला होता. त्याच त्या दमेकऱ्यांना आळीपाळीने खरा सालब्युटामॉलचा (श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचा) पंप, औषध नसलेला पंप आणि खोटं अ‍ॅक्युपंक्चर दिलं; एका पाळीत काहीच दिलं नाही. किती बरं वाटलं असं विचारल्यावर खऱ्या पंपाला ५० टक्के, रिकाम्या पंपाला ४५ आणि खोट्या सुयांना ४६ टक्के मिळाले. काहीच न देता २१. मग यंत्रात फुंकायला लावलं, तर खऱ्या पंपाने श्वास २० टक्क्यांनी सुधारलेला आणि बाकी तिन्ही पाळ्यांमध्ये जेमतेम ७ टक्क्यांच्या आसपास. माणसं अगदी प्रामाणिकपणे सांगत होती, फक्त त्यांच्या श्वासनळ्यांना त्याचा पत्ता नव्हता.

खोकल्यात घोळ निराळा. सर्दीनंतरचा साधा खोकला सरासरी १८ दिवस टिकतो आणि आपली अपेक्षा असते आठवड्याची. दहाव्या दिवशी शेजारच्या काकू काढा सुचवतात, पंधराव्या दिवसापासून उतार पडायला लागतो आणि नाव काढ्याचं होतं. त्यातून अडुळशाचा रस आपण मधातून देतो. मधाने रात्रीचा खोकला कमी होतो हे मुलांवरच्या चाचण्यांत दिसलेलं आहे (वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध द्यायचा नसतो). मग अडुळसा तपासायचा तर समोरच्या गटालाही मध द्यायला हवा. हे कितीजण करतात?

आता तुमचा पहिला प्रश्न. हो, तपासलेली असतात, आणि आपल्याकडेसुद्धा. दमवेल नावाची वेल आहे, तिला पित्तमारीही म्हणतात. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधल्या डॉ. शिवपुरी यांनी १९६९ मध्ये ११० दमेकऱ्यांवर तिची चाचणी प्रसिद्ध केली. सकाळी एक पान चावून गिळायचं, सहा दिवस. आठवड्याअखेर दमवेलवाल्यांपैकी ६२ टक्के लोकांना चांगला उतार, खोट्या औषधावर २८ टक्क्यांना. आकडे दमदार आहेत! पण हे पान चावलं की तोंड हुळहुळतं, मळमळतं, मिठाची चव कमी लागते. मग रुग्णाला आपल्या वाट्याला खरं पान आलंय हे कळणार नाही कसं? आणि ते कळलं की वरच्या रिकाम्या पंपाची गोष्ट सुरू होते. १९७९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा ठळक फरक दिसला नाही. दमवेल निरुपयोगी आहे असं मी यावरून म्हणणार नाही. पण तिच्या भरवशावर पंप सोडण्याइतका पुरावा तो नाही, एवढं नक्की.

जिथे चाचणी नीट झाली तिथे वनस्पतीने बाजी मारलेलीही आहे. अडुळशातल्या व्हॅसिसिन या रसायनावरून ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झालं. कफ सुटायला देतात त्या सिरपच्या बाटलीवर नाव वाचून बघा. भूमध्य समुद्राकडच्या खेल्ला या झाडाच्या बियांवरून क्रोमोग्लायकेट हे दम्यावरचं औषध आलं. त्यामागचा डॉक्टर रॉजर अल्टुन्यान स्वतः दमेकरी होता. त्याला गिनीपिगची अ‍ॅलर्जी, म्हणून गडी गिनीपिगच्या केसांचं पाणी हुंगून मुद्दाम दमा उठवायचा आणि नवीन रसायन घेऊन श्वास किती सावरतो ते मोजत बसायचा. असला वेडेपणा आज कोणतीही एथिक्स कमिटी करू देणार नाही, पण मोजायचं काय हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

खोक्यावर आयुर्वेदिक परवाना क्रमांक आहे म्हणजे चाचणी झाली, असंही समजू नका. जुन्या आयुर्वेदिक ग्रंथांतल्या कृतीप्रमाणे बनवलेल्या औषधाला परवाना मिळवताना गुण येतो हे सिद्ध करणारी नवी चाचणी साधारणपणे द्यावी लागत नाही.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात खटकलं ते वेगळंच: पुडीवर नाव नाही, घटक नाहीत, आणि वडिलांची भूक वाढलीय. दम्याच्या बिननावाच्या चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत. गुण झटपट येतो, भूक वाढते, मग चेहरा सुजरा दिसू लागतो, वजन आणि साखर चढते. वडिलांच्या बाबतीत तसंच असेल असं नाही, पण पुडी घेऊन छातीच्या डॉक्टरांना दाखवा आणि त्यांना विचारल्याशिवाय ती एकदम थांबवूही नका. आत खरंच स्टेरॉइड असलं, तर अचानक तोडल्यावर अंगावर येऊ शकतं.

आणि एक पीक फ्लो मीटर (किती जोरात फुंकता येतं ते मोजणारी नळी) घ्या, औषधाच्या दुकानात मिळतं. काटा शून्यावर आणायचा, उभं राहून छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ नळीभोवती घट्ट मिटायचे आणि एका दमात जोरात फुंकायचं. तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहायचा, रोज सकाळ-संध्याकाळ, पंपाच्या आधी. तब्येत ठीक असतानाचा सर्वांत चांगला आकडा म्हणजे त्यांचे शंभर टक्के. त्याच्या ८० टक्क्यांच्या खाली आकडे येऊ लागले तर डॉक्टरांना फोन करायचा. ५० टक्क्यांच्या खाली गेला तर वडील "मला बरं वाटतंय" म्हणाले तरी पंप द्यायचा आणि तडक दवाखाना गाठायचा.