शिखराच्या पाच फूट खाली

प्रश्न : आमच्या गिर्यारोहण मंडळातील ज्येष्ठ काका गेल्या महिन्यात, वयाच्या ७६ व्या वर्षी वारले. मुंब्र्याच्या कातळावर आम्हाला शिकवताना ते नेहमी म्हणत, ‘बोटांनी ओढू नकोस रे, हात कोंब! जो ब्राउनसारखा!’ त्यांच्या शोकसभेत मला बोलायचे आहे. हे ब्राउन कोण होते, आणि कांचनजुंग्यावर जाऊनही त्यांनी माथ्याला पाय लावला नाही, हे काकांनी सांगितलेले खरे आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : काकांनी सांगितले ते खरे आहे. ब्रिटिश गिर्यारोहक जो ब्राउन यांचा जन्म २६ सप्टेंबर १९३० रोजी मँचेस्टरच्या आर्डविक या कामगारवस्तीत झाला. भावंडांत ते शेंडेफळ होते, आणि वडील त्यांच्या तान्हेपणीच गेले. पुढे ते नळजोडणीचे काम शिकले आणि सुट्टी मिळाली की जवळच्या खडकांवर जाऊ लागले. पहिला दोर म्हणजे आईने टाकून दिलेली कपडे वाळत घालायची दोरी. त्या काळचे ब्रिटिश गिर्यारोहण हे मुख्यतः महागड्या शाळांत आणि विद्यापीठांत शिकलेल्या सुखवस्तू लोकांच्या हाती होते, हे लक्षात घेतले म्हणजे या दोरीचे महत्त्व कळते. ब्राउन, डॉन व्हिलन्स आणि ‘रॉक अँड आइस’ या १९५१ च्या सुमारास जमलेल्या मंडळातील इतर मुलांनी, आधीच्या पिढीने अशक्य म्हणून सोडून दिलेल्या कड्यांवर वाटा काढल्या.

आता ‘हात कोंबणे’. कातळात तळहाताच्या रुंदीची उभी भेग असते, पण धरायला खाच नसते, तेव्हा नवशिका तिच्या कडा बोटांनी ओढत बसतो आणि दहा मिनिटांत त्याचे हात भरून येतात. ब्राउन हात सपाट करून आत सारत आणि अंगठा तळव्याकडे मुडपत. त्यामुळे अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग फुगतो, हात भेगेत पाचरीसारखा अडकतो आणि शरीराचा भार त्यावर टाकता येतो. हाताच्या पाठीची कातडी सोलवटते, पण बोटांची ताकद वाचते. ही युक्ती ब्राउन यांनी शोधली असे नव्हे, परंतु इतक्या सहजतेने ती वापरणारा त्या काळात दुसरा नव्हता. ठेंगण्या बांध्याचा हा माणूस भेगेतून वर सरकताना पाहणाऱ्याला काम सोपे वाटे आणि स्वतः दोरावर आल्यावर त्याचा भ्रम फिटे, असे त्यांचे अनेक साथीदार सांगत.

वेल्समधील लॅनबेरिस खिंडीवर डिनास क्रॉमलेक नावाचा ऱ्हायोलाइट खडकाचा कडा आहे. उघडून उभ्या ठेवलेल्या पुस्तकाच्या दोन पानांसारख्या त्याच्या दोन भिंती मध्यावर जेथे मिळतात, ती सुमारे १२० फुटांची शीव म्हणजे ‘सेनोटाफ कॉर्नर’. पहिल्या प्रयत्नात ब्राउन यांच्या हातून हातोडी निसटली आणि खाली दोर सांभाळणाऱ्या मित्राच्या डोक्यावर पडली. चढाई सोडून ते उतरून आले. १९५२ मध्ये डग बेलशॉ यांच्यासोबत त्यांनी ती पूर्ण केली. खिळे मारत सुटायचे नाही, ही त्यांची शिस्त होती. भेगेत अडकलेल्या दगडाभोवती पट्टा गुंडाळून, आणि दगड नसेल तर खिशातला गोटा भेगेत बसवून ते दोराला आधार देत. आपल्याकडे बेसॉल्टच्या गुळगुळीत भिंतीवर ड्रिलने भोक पाडून बोल्ट बसवण्याला पर्याय पुष्कळदा राहत नाही, हे मान्य. तरी जिथे भेग आहे तिथेही बोल्ट ठोकणाऱ्यांनी या गोट्यांची आठवण ठेवावी, असे मला वाटते.

कांचनजुंग्याची हकीकत १९५५ ची आहे. ८५८६ मीटर उंचीचे हे जगातील तिसरे उंच शिखर तोवर कोणी सर केले नव्हते. चार्ल्स इव्हान्स यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश चमूत ब्राउन यांची निवड झाली, तेव्हा ते २४ वर्षांचे होते. सिक्कीममध्ये हे शिखर पवित्र मानले जाते, म्हणून इव्हान्स यांनी तिथल्या राज्यकर्त्यांना शब्द दिला होता की माथा अस्पर्शित राहील. २५ मे रोजी ब्राउन आणि जॉर्ज बँड शिखराच्या अगदी जवळ आले, तर समोर खडकाची भिंत आणि तिच्यात भेगा. ब्राउन यांनी प्राणवायूचा प्रवाह वाढवला आणि साडेआठ हजार मीटरवर, लहानपणापासून घटवलेल्या त्याच रीतीने, हात कोंबत ते वर गेले. दुपारचे पावणेतीन वाजले होते. थोड्या अंतरावर, त्यांच्याहून जेमतेम पाच फूट उंच, बर्फाचा निमुळता माथा होता. दोघे तिथेच थांबले.

दुसऱ्या दिवशी नॉर्मन हार्डी आणि टोनी स्ट्रीथर वर गेले. त्यांनी कोपऱ्याला वळसा घातला तर पलीकडे सोपा बर्फाचा उतार निघाला! आदल्या दिवशीची भिंत टाळता आली असती. त्या दोघांनीही माथ्याला पाय लावला नाही. १९७७ मध्ये कर्नल नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखाली भारतीय लष्कराच्या चमूने सिक्कीमच्या बाजूने चढाई केली, तेव्हाही हा मान राखला गेला. पुढे सिक्कीमने आपल्या बाजूने या शिखरावर चढाईला बंदीच घातली. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे दहा गिर्यारोहक १५ मे २०१९ रोजी शिखरावर गेले ते नेपाळमार्गे, म्हणजे ब्राउन ज्या देशातून चढले होते तिथूनच.

शोकसभेत काकांच्या मोहिमांची यादी वाचू नका, ती सर्वांना ठाऊक असते. त्यांनी तुमचा हात धरून भेगेत कसा बसवला, कोणत्या दिवशी, त्या वेळी ते काय बोलले, एवढे सांगा. जमल्यास सभेपूर्वी एकदा मुंब्र्याला जाऊन तीच भेग चढून या.

प्रश्न : माझे वय ६३ आहे. मुले म्हणतात, आता दोर खुंटीला टांगा. ब्राउन यांनी चढाई कधी सोडली? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : जवळजवळ सोडलीच नाही, पण ती बदलत नेली. १९६७ मध्ये स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरील ‘ओल्ड मॅन ऑफ हॉय’ या समुद्रात उभ्या असलेल्या सुळक्यावरच्या त्यांच्या चढाईचे बीबीसीने थेट प्रक्षेपण केले. १९७६ मध्ये काराकोरममधील ट्रँगोच्या ‘नेमलेस टॉवर’ वर पहिल्यांदा पोहोचलेल्या चौघांत ते होते, तेव्हा वय ४५. त्यानंतर मोहिमा कमी होत गेल्या आणि मासेमारीचा नाद वाढला, तरी उतारवयातही मोरोक्कोच्या अँटी-ॲटलास डोंगरांत मित्रांबरोबर ते नव्या वाटा काढत राहिले. तिथे कुणाला काही सिद्ध करून दाखवायचे नव्हते. ऊन होते, कोरडा खडक होता आणि जुने सोबती होते. १५ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या दिवसांत, वयाच्या ८९ व्या वर्षी लॅनबेरिसच्या राहत्या घरी त्यांचे निधन झाले. ज्या खिंडीत त्यांनी नाव कमावले, तिच्या तोंडाशीच हे गाव आहे, आणि गिर्यारोहण साहित्याचे त्यांचे दुकानही तिथेच १९६६ पासून होते.

तेव्हा दोर खुंटीला टांगण्याची घाई करू नका. हृदयाची तपासणी करून घ्या, दोर जुना झाला असेल तर मोह न ठेवता बदला, पुढे जाण्याचा हट्ट सोडून दुसऱ्या क्रमांकावर चढा, आणि बिले द्यायला, म्हणजे दोर सांभाळायला, मुलांपैकी एकाला सोबत न्या.